नव्या दातांसाठी एक जुना फोटो

ती. ताईस,

कमरेचा पट्टा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याची आणि भाऊजींच्या कानाची खुशाली कळव. (गुडघा डावा की उजवा, यावरून आमच्या घरी वाद आहे. तो एकदाचा मिटवून टाक.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ही ठीक आहे आणि मी हनुवटीच्या खाली ठीक आहे. हनुवटीच्या वर जे चाललंय ते सांगायलाच हे पत्र. फोन का केला नाही, असं तू विचारशीलच. एक तर तू फोन स्पीकरवर टाकून भांडी आवरत असतेस, त्यामुळे मी बोलतो तुझ्याशी आणि उत्तर देतात भाऊजी, तेही मी न विचारलेल्या प्रश्नाचं. दुसरं म्हणजे आमच्या घरात ज्या कोपऱ्यात फोनला रेंज मिळते, बरोबर त्याच कोपऱ्यात हिची खुर्ची आहे, आणि यातली एक गोष्ट हिच्या कानावर जाता कामा नये. ती कुठली, हे ओघात येईल. शेवटचं पान आधी वाचू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तुला माहीत आहेच, माझी सगळी हयात लोकांच्या खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्यात गेली. या धंद्यात तोंड हे बोलण्यासाठी नसून खिळे ठेवण्यासाठी असतं. मूठभर बारीक खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक वळवून डोकं बाहेर आणायचं, पुढच्या दातांत धरायचं, डाव्या हाताने कापड ताणायचं आणि उजव्या हाताने ठोकायचं. हे करताना कोणाशी बोलता येत नाही, म्हणून गावभर माझी ख्याती मितभाषी माणूस अशी आहे. (ही त्या ख्यातीवर हसते. तिला खिळ्यांशिवायचा मी माहीत आहे.) पण दात म्हणजे काही पक्कड नव्हे. एकेक करून ते डुलायला लागले, काही गेले, काहींच्या जागी दुसरे आले आणि तेही गेले. मी लक्ष दिलं नाही. मग एका वकिलांची उंच पाठीची खुर्ची कामाला आली. बसायची गादी नव्या काथ्याने भरली, वर कापड ओढलं, शेवटची ओळ ठोकत आणली आणि हिला चहासाठी हाक मारली, तर हाकेऐवजी नुसतीच हवा बाहेर आली. पुढचा एक दात गायब. तोंडात पाहिला, जमिनीवर पाहिला, खिळ्यांच्या डब्यात पाहिला. मग डोक्यात प्रकाश पडला की तो काथ्यात पडला आणि मी त्यावर व्यवस्थित कापड चढवून मोकळा झालो. तेवढ्यात वकिलांचा माणूस येऊन खुर्ची घेऊनही गेला. आता ते गृहस्थ रोज माझ्या दातावर बसून अशिलांना सल्ला देतात. त्यांना सांगायला जावं, तर वकील आहेत, उलट मलाच काहीतरी कलम लावतील.

तर ही मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण शांत. आपण घाबरलो की समोरचा शांत माणूस फार उद्धट वाटतो, तशा त्या मला आधी वाटल्या. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, आणि खरं सांगतो ताई, माझं दातांवरून लक्षच उडालं. खुर्चीचा फोम डाव्या कुशीखाली पार बसलेला, हाताच्या टेकूवरच्या रेक्झिनला कुणीतरी जाड दोऱ्याने वरून टाके घातलेले, आणि डोक्याखालची उशी तर एखाद्या हट्टी मुलासारखी एका बाजूला सरकणारी. मी ते सांगायचा प्रयत्न केला. पण तोंडात आरसा, नळी आणि त्यांची दोन बोटं होती. मी डाव्या कुशीकडे बोट दाखवलं, त्यांना वाटलं मला तिथे दुखतंय, आणि त्या माझी बरगडी दाबून बघायला लागल्या. ही बाजूच्या स्टुलावरून म्हणाली की दुखत नाहीये, ते तुमच्या खुर्चीत खोड काढताहेत. इतकी वर्षं सोबत काढली की माणूस बोटावरून वाक्य ओळखतो.

निकाल असा लागला की वरच्या ओळीत जे काही उरलेत ते हाडाच्या आधाराने उभे नाहीत, निव्वळ सवयीने उभे आहेत. ते सगळे काढायचे, वरच्या जबड्याच्या हाडात धातूचे स्क्रू बसवायचे आणि त्यांवर दातांची अख्खी कमान पक्की करायची, म्हणजे रात्री काढून पेल्यात ठेवायला नको. त्याच दिवशी तात्पुरती कमान मिळते, आणि हाडाने स्क्रू पक्के धरले की काही महिन्यांनी कायमची. मला हे एका दमात समजलं. मी म्हटलं, म्हणजे सांगाडा शाबूत असेल तर वरचं सगळं नवं करता येतं, सांगाडाच किडला असेल तर नाही. डॉक्टरीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या की अगदी हेच. तेव्हापासून त्या मला उद्धट वाटत नाहीत. (मी त्यांना त्यांची खुर्ची करून देण्याचं कबूल केलंय. ऑपरेशनच्या आधी करायची की नंतर, यावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो आधी, कारण झोपायचं मला आहे.)

मला वाटलं होतं, ठरलं म्हणजे झालं. कुठलं काय. खरी धमाल तयारीत आहे. आधी हिरड्यांची साफसफाई. मग रक्ताची तपासणी, साखर बघायला. मग मी कुठल्या गोळ्या घेतो त्याची चौकशी, त्यात रक्त पातळ करायची गोळी निघाल्यावर माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारणं. मग सिगारेट बंद, आणि नुसती ऑपरेशनपुरती नाही, हाड नीट भरेपर्यंत. मी म्हटलं, दिवसातून एकच ओढतो. ही म्हणाली, एक माझ्यासमोर. इतक्या सभ्य बाईसमोर असं पितळ उघडं पाडायला नको होतं. मग जबड्याचा तो सगळ्या बाजूंनी काढायचा फोटो. उभं राहून दातांत एक काडी चावून धरायची, हनुवटी टेकवायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरत असताना ढिम्म हलायचं नाही. आता यंत्र फिरायला लागलं की कुठलाही माणूस बघणारच. मी तर त्याच्या हाताला आतून कुठलं भरण लावलंय तेच बघत होतो. पहिल्या फोटोत मला दोन हनुवट्या आल्या. दुसऱ्यात एकही नाही. शेवटी यंत्र चालवणाऱ्या बाईंनी माझं डोकं दोन्हीकडून आवळलं आणि बजावलं की डोळेसुद्धा मिटा.

घरी वेगळंच. ऑपरेशननंतर बरेच दिवस मऊ खायचं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी नुसतं सांगितलं. हिने त्याच संध्याकाळपासून सराव सुरू केला. घरात जे जे शिजतं ते मिक्सरमधून बाहेर येतं, आणि ताटात काय आहे ते रंगावरून ओळखायचं. मी म्हटलं, बाई, अजून मला चावायची परवानगी आहे, हेच माझे चावायचे शेवटचे दिवस आहेत, ते तरी गोड करून घे. तर म्हणाली की सवय आयत्या वेळी होत नसते. परवा हिरव्या ढिगाला मी भाजी समजून भात कालवला, ती चटणी निघाली.

पण हे सगळं परवडलं. मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्या खालच्या दातांवरच्या खाचा बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या कशाच्या, आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नव्या दातांत एकसुद्धा खिळा धरायचा नाही, कधीच. चुंबकाची हातोडी घ्या. ताई, मी घेतली. चांगली आहे, खिळा तोंडाला चिकटतो, म्हणजे हातोडीच्या. पण तोंड मोकळं राहिल्यामुळे मी काम करता करता बोलतो, असं लोकांचं म्हणणं आहे. एक जुनं गिऱ्हाईक आलं, माझी बडबड ऐकत बसलं आणि म्हणालं की तुम्हाला बोलता येतं? मला वाईट वाटलं. दात जाताहेत याचं नव्हतं वाटलं इतकं, हात बदलावा लागतोय याचं वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. (तू शेवटचं पान वाचून परत इथे आली असशील, तर लाज बाळग.) नवे दात किती लांब, किती रुंद, कुठल्या वळणाचे करायचे, यासाठी डॉक्टरीणबाईंना माझा तरुणपणचा हसतानाचा फोटो हवा होता, ज्यात वरचे दात दिसतात असा. घरी अल्बम काढले. ताई, मी एकाही फोटोत हसत नाहीये. कुठे ओठ आवळलेले, कुठे गाल फुगलेला, म्हणजे खिळे आतच आहेत. लग्नाच्या फोटोत तर मी असा उभा आहे की जणू मला समन्स बजावलंय. मी म्हटलं, असा फोटोच नाही, बाजारात दात जसे मिळतात तसे बसवा. तेव्हा ही म्हणाली की माझ्याकडे एक आहे. उठली, तिच्या कपाटाकडे गेली, आणि दाराच्या आतल्या बाजूने काहीतरी सोडवून पाकिटात घातलं. ते कपाट उघडायचा मला अधिकार नाही, कधी नव्हता. मी बघायला मागितलं तर म्हणाली, डॉक्टरांना देते, तुम्ही त्याची घडी कराल. हिने माझा हसरा फोटो इतकी वर्षं कपाटाच्या दारात लावून ठेवलाय आणि मला पत्ता नाही. मला फार बरं वाटलं ताई. त्या रात्री मी मिक्सरमधलं काहीही न बोलता खाल्लं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा एक नमुना तयार करून आणला. उरलेल्या दातांवर टोपीसारखा बसतो. आरसा दिला. मी ओठ उघडले तर पुढच्या दोन दातांच्या मध्ये ही अशी फट. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या दातांत फट कधीच नव्हती. त्या म्हणाल्या की फोटोत स्पष्ट आहे, आणि त्यांनी पडद्यावर तो चेहरा मोठा करून दाखवला. नुसता चेहरा. खाकी टोपी, मिशी, आणि सगळे दात दाखवून खदाखदा हसणारं तोंड. मिशी डावीकडून सुटत आलेली.

ताई, ती तू होतीस.

आठवलं? आपल्या वसाहतीच्या संमेलनातलं नाटक. इन्स्पेक्टरचं काम माझं होतं. पाठांतर चोख, कोट इस्त्रीचा, आणि पडदा वर जायच्या वेळी विंगेत माझी दातखीळ बसली. पायही हलेना. तू पुढे झालीस. माझ्या डोक्यावरची टोपी काढलीस, कोट उतरवलास, मिशी ओढून आपल्या ओठावर चिकटवलीस आणि गेलीस. लोक हसून हसून लोळले. तू तर स्वतःच्याच वाक्याला हसलीस आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. मी मागे अंधारात तोंड लपवून रडत उभा होतो, एवढंच मला आठवतं. तो फोटो आईच्या अल्बममध्ये होता. माझा कोट, माझी टोपी, नाकडोळे तुझे-माझे एकाच साच्यातले. हिने तो मी समजून उचलला असणार. आणि तुझी फट हिने बघितलेलीच नाही, नोकरी लागायच्या आधी तू ती बुजवून घेतलीस. बाबांच्या दातांतली तशीच फट पाहायचा तर प्रश्नच नाही, हिच्या येण्याआधीच ते गेले.

मी हिच्याकडे बघितलं. हिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि हिचे डोळे भरून आले. हिला तिचा हसरा माणूस परत मिळाल्यासारखं वाटत असणार, आणि तो माणूस म्हणजे तिची नणंद आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? निदान त्या तोंडाने तरी नाही. काय करावं सुचेना, म्हणून पुन्हा आरशात पाहिलं. आणि या वेळी मला बाबा दिसले. खरंच सांगतो. मी जीभ त्या फटीला लावली आणि फुंकलं, आणि बाबांची शीळ वाजली, ती आपल्याला अंधार पडल्यावर घरी बोलवायची, आधी लांब आणि मग दोन तुटक. शीळ बाहेरपर्यंत गेली. बाहेर बसलेला एक रोगी उठून आत आला, त्याला वाटलं आपला नंबर लागला.

तर पेच असा आहे. हिला खरं सांगितलं, तर रोज सकाळी कपाट उघडून ज्या हसण्याकडे ही बघते ते हसणं मी स्वतःच्या हाताने काढून घेतो. नाही सांगितलं, तर मी जन्मभर तुझे दात घेऊन हिच्यासमोर बसणार. डॉक्टरीणबाईंना पुढच्या आठवड्यात उत्तर हवंय, फट ठेवायची की बुजवायची. नमुना त्यांनी घरी लावून बघायला दिलाय. मला फट हवीय ताई. ती आता तुझ्याकडे नाही, बाबा नाहीत, म्हणजे जगात कुठेच नाही. पण मूळची तुझ्या वाटची आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरवलंय. हो म्हण.

भाऊजींना नमस्कार सांग, जरा मोठ्याने सांग. मुलांना आशीर्वाद. चष्मा पुसत जा.

तुझा,
(सध्या बराचसा तुझ्यासारखाच दिसणारा) भाऊ

ता. क. हिच्यासमोर नाटकाचा विषय काढायचा नाही. भाऊजींनाही बजाव. फटीबद्दल विचारलंच, तर आमच्या घराण्यात आहे म्हण, ते खोटं नाही.

आणखी एक ता. क. फटीचं उत्तर आलं नाही तरी चालेल. खरं कारण हे की ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी आहे आणि मला भीती वाटतेय. ही सोबत आहे, पण हिच्यासमोर मी घाबरत नाही असं माझं चाललेलं आहे. या वेळी तुला माझ्याऐवजी पाठवता येणार नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. पण तू ये. नुसती विंगेत उभी राहा.

ती. ताई, नमस्कार.

पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, कारण घरातला गोंद यांना आजवर सापडलेला नाही. मी सगळं वाचलं. रागावू नका, हसून हसून मला बसावं लागलं.

आधी किरकोळ गोष्टी. वकिलांच्या खुर्चीत दात नाही. तो मला केर काढताना सापडला, डबीत ठेवलाय. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर यांनी तो परत बसवायला लावला असता.

आता फोटो. मधला इन्स्पेक्टर तुम्ही आहात, हे मला लग्न झालं त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं. तो फोटो मी तुमच्यासाठी लावलेला नाही, माफ करा. उजव्या कडेला पडद्याच्या फटीतून विंग दिसते. तिथे एक मुलगा उभा आहे. बनियनवर, तुमचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर, तुमची पर्स छातीशी धरलेली, आणि तुमच्याकडे बघून इतका हसतोय की सगळे दात मोजून घ्यावेत. आपण रडत होतो असं यांनी वर लिहिलंय. नव्हते रडत. या घरात यांना हसताना बघायचं, तर मला तेवढा एकच कोपरा आहे. डॉक्टरांना मी तोच दाखवायला दिला होता, त्यांनी नेमका मधला चेहरा घेतला. मी सांगायला तोंड उघडलं, पण यांचा आरशातला चेहरा बघून मिटलं, आणि मग यांनी शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन डॉक्टरांकडून तो कोपरा मोठा करून घेतला. त्याचाही नमुना होईल. पण हे न्हाणीघरात नळ सोडून शीळ घालतात, त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. तेव्हा दात कुठलेही बसूदेत. तुम्ही मात्र नक्की या, आणि हात मोकळे ठेवून या. त्या दिवशी यांचा चष्मा तुम्हाला धरायचा आहे.